प्रतिवादींचीही नावे घ्या

मोठा माणूस गेला की त्याच्या आयुष्यातून सगळ्यात आधी त्याचे विरोधक गायब होतात. श्रद्धांजलीच्या भाषणात ‘अनेक अडचणींवर मात करून’ असे एक गुळगुळीत वाक्य येते आणि त्या अडचणींना नाव, गाव, हुद्दा काही उरत नाही. जणू अवकाळी पाऊस आला होता आणि त्यातून वाट काढत ते पुढे गेले. अडचणी अशा आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी ठराव करून, सही करून, शिक्का मारून त्या उभ्या केलेल्या असतात. ज्याने सही केली त्याला सोडून द्यायचे आणि जिने ती सही कोर्टात फाडली तिला हार घालायचा, हा सन्मान अर्धा आहे. मला तो मान्य नाही.

या आठवड्यात ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांचे नाव कॉन्स्टन्स बेकर मॉटली. सप्टेंबर हा त्यांचा महिना. जन्म १४ सप्टेंबर १९२१, मृत्यू २८ सप्टेंबर २००५. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्यातल्या वकील, न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटच्या सदस्य आणि पुढे फेडरल न्यायाधीश. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यांच्यावरचा कोणताही गौरवलेख उघडा, यादी ठरलेली. न्यूयॉर्कच्या सिनेटमधली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटन विभागाची पहिली स्त्री प्रमुख, म्हणजे बरो प्रेसिडेंट. फेडरल न्यायाधीश झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

सगळे खरे. पण न्यूयॉर्कचे विधिमंडळ १७७७ पासून चालू आहे आणि तिथल्या सिनेटमध्ये १९६४ पर्यंत एकही कृष्णवर्णीय स्त्री नव्हती. यात मॉटलींचे कौतुक कमी आणि त्या सभागृहाची नाचक्की जास्त आहे. गौरवलेखात मात्र कौतुक तेवढे छापले जाते.

त्यांच्या आयुष्याची सुरुवातच अशा एका गोष्टीने झाली जी आजच्या देणगीदार संस्थांना झेपणार नाही. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी, वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस बेटावरून आलेल्या कुटुंबात जन्म. बारा भावंडांतल्या त्या नवव्या. वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या क्लबांत स्वयंपाकी. मुलगी हुशार, पण पुढे शिकवायला घरात पैसा नाही. वस्तीत एक समाजमंदिर होते, गोऱ्या देणगीदारांच्या पैशाने बांधलेले. तिथे कृष्णवर्णीय लोक फारसे फिरकत का नाहीत, याची चर्चा करायला सभा भरली. ही मुलगी उभी राहिली आणि म्हणाली की इथल्या कारभारात आमच्या माणसांना काही अधिकारच नाही, मग आम्ही कशाला यायचे? सभेत क्लॅरन्स ब्लेकस्ली नावाचे श्रीमंत गोरे कंत्राटदार बसले होते, याच वास्तूला पैसा दिलेले. त्यांनी तिला बोलावून घेतले आणि तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला.

आपल्याकडे देणगीदारांसमोर असे बोलणाऱ्या मुलीला आभार मानायला शिकवले जाते. शिष्यवृत्ती मिळते ती फोटोत नीट उभे राहणाऱ्यांना.

१९४१ मध्ये त्या शिकायला टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठाकडे निघाल्या. वाटेत सिनसिनाटीला आगगाडीला कृष्णवर्णीयांसाठी वेगळा जुनाट डबा जोडला गेला आणि त्यांना तिकडे जाऊन बसायला सांगण्यात आले. पुढे दक्षिणेत त्यांनी जे केले त्याची कारणे शोधायला चरित्रकारांना फार लांब जावे लागत नाही. तिथून न्यूयॉर्क विद्यापीठ, मग कोलंबियाची कायद्याची पदवी, १९४६. पदवी हातात पडायच्या आधीच, १९४५ मध्ये, थर्गुड मार्शल यांनी त्यांना आपण प्रमुख असलेल्या लीगल डिफेन्स फंडात घेतले, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या.

कोलंबिया म्हटले की मराठी वाचकाला दुसरे नाव आठवते आणि ते आठवायलाच हवे. बाबासाहेब तिथे १९१३ ते १९१६ होते, मॉटलींच्या बऱ्याच आधी. पण १९४६ मध्ये, म्हणजे मॉटली पदवीधर झाल्या त्याच वर्षी, बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिकडच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ड्यू बॉइस त्या वेळी एनएएसीपीतच काम करत होते. अर्ज कसा लिहायचा, दाद कुठे मागायची, याची देवाणघेवाण तेव्हा समुद्र ओलांडून चालली होती.

अर्ज या शब्दापाशी थोडे थांबतो, कारण मॉटलींचे खरे काम अर्ज, दावे, कैफियती हेच होते. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ‘ब्राऊन’चा निकाल १७ मे १९५४ ला लागला. त्या खटल्यातल्या मूळ दाव्याचा मसुदा तयार करण्यात मॉटलींचा हात होता. निकाल लागला, वर्तमानपत्रांत मथळे आले आणि दक्षिणेतल्या राज्यांनी आपापल्या कपाटांतून नवे नियम काढले.

मिसिसिपी विद्यापीठाचा नियम पाहा. प्रवेश हवा असेल तर विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रे जोडा. कागदावर किती निरुपद्रवी! सगळ्यांना सारखाच लागू. फक्त त्या विद्यापीठात तोवर एकही कृष्णवर्णीय शिकलेला नव्हता, सगळे माजी विद्यार्थी गोरे होते. आणि त्या काळच्या मिसिसिपीत कोणता गोरा माणूस कृष्णवर्णीय मुलाला असे पत्र लिहून देऊन गावात राहू शकला असता? हा नियम ‘ब्राऊन’च्या निकालानंतर आलेला. जात किंवा वर्ण हा शब्द न वापरता माणसाला दाराबाहेर ठेवणारी भाषा कशी लिहितात, हे शिकायचे असेल तर हा नियम अभ्यासाला लावावा. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या काही ठरावांतही मला हीच लेखणी दिसते.

१९६१ च्या जानेवारीत जेम्स मेरेडिथ या हवाई दलातून आलेल्या तरुणाने या विद्यापीठात अर्ज केला. उत्तर आले, अर्ज उशिरा पोहोचला. मग माजी विद्यार्थ्यांची पत्रे नाहीत. मग आधीच्या कॉलेजातले विषय चालत नाहीत. मग तुम्ही मतदार म्हणून चुकीच्या काउंटीत नाव नोंदवले, म्हणून फौजदारी. मॉटली वकीलपत्र घेऊन उभ्या होत्या. जिल्हा न्यायाधीश सिडनी माइझ यांनी निकाल दिला की मेरेडिथला वर्णामुळे प्रवेश नाकारला असे काही दिसत नाही. ज्या राज्यात पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते, तिथल्या न्यायाधीशाला हे दिसले नाही! पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाने शिफारसपत्रांची अट घटनाबाह्य ठरवली आणि जून १९६२ मध्ये प्रवेश द्या असा हुकूम केला. मग त्याच अपील कोर्टातले न्यायाधीश बेन कॅमेरॉन यांनी स्थगिती दिली. सहकाऱ्यांनी ती उठवली. कॅमेरॉन यांनी पुन्हा दिली. असे चार वेळा. अखेर सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाच्या ह्यूगो ब्लॅक यांनी ती सगळी झाडून टाकली. मग गव्हर्नर रॉस बार्नेट स्वतः दारात आडवे उभे राहिले. ३० सप्टेंबरच्या रात्री विद्यापीठाच्या ऑक्सफर्ड गावात दंगल झाली, दोन माणसे मेली, त्यातला एक फ्रेंच पत्रकार. १ ऑक्टोबरला मेरेडिथचे नाव नोंदले गेले. पुढच्या ऑगस्टात त्याने पदवी घेतली.

माइझ, कॅमेरॉन, बार्नेट. ही नावे गौरवलेखात नसतात. तिथे असते, ‘मेरेडिथ यांना प्रवेश मिळवून दिला.’ पाच शब्दांत वीस महिने संपले.

मेरेडिथचा खटला चालला त्या जॅक्सनच्या कोर्टाची खोली कशी होती तेही सांगायला हवे. न्यायाधीशाच्या मागे भिंतभर चित्र होते, मिसिसिपीचे जीवन दाखवणारे. देखणी गोरी कुटुंबे आणि कापूस वेचणारे कृष्णवर्णीय मजूर. त्या चित्रासमोर उभे राहून मॉटलींनी समान हक्काचा युक्तिवाद केला. तिथे त्या पहिल्यांदा १९४९ मध्ये गेल्या होत्या, कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांइतका पगार मिळावा म्हणून. गावातल्या वर्तमानपत्राला त्यांच्या नावाआधी ‘मिसेस’ लिहवेना. ‘ती मॉटली बाई’ असे छापले गेले. उत्तम शिवलेला पोशाख, आवाज न चढवता विचारलेले प्रश्न आणि आकडे पाठ. समोरच्या वकिलाला हात मिळवायची लाज वाटत असे आणि उत्तर द्यायची वेळ आली की घाम फुटत असे.

जॉर्जियात त्याआधी दोन मुलांचे प्रकरण होते. हॅमिल्टन होम्स आणि शार्लेन हंटर. विद्यापीठ दर सत्रात शार्लेनला कळवायचे, वसतिगृहात जागा नाही. कोर्टाने कागदपत्रे तपासायची परवानगी दिल्यावर मॉटली आणि त्यांचे सहकारी विद्यापीठाच्या कचेरीत फायलींचे गठ्ठे उपसत बसले. त्या फायलींत त्यांना शार्लेनसारखीच परिस्थिती असलेली एक गोरी मुलगी सापडली. तिला जागा मिळाली होती. एक फाईल! क्रांती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो, मशाली येतात. ही क्रांती धुळीने नाक चोंदलेल्या माणसांनी कचेरीच्या टेबलावर केली. जानेवारी १९६१ मध्ये न्यायाधीश विल्यम बूटल यांनी दोघांना प्रवेश द्यायचा आदेश दिला. होम्स पुढे हाडांचे डॉक्टर झाले, शार्लेन हंटर नामवंत पत्रकार.

१९६३ च्या मे महिन्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुले वर्णभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरली. कुत्रे आणि पाण्याचे फवारे यांची छायाचित्रे जगाने पाहिली. त्यानंतर काय झाले ते कमी जणांना ठाऊक आहे. मोर्चात गेल्याबद्दल शिक्षण मंडळाने हजाराहून जास्त मुलांना शाळेतून काढून टाकले, वर्ष संपायला थोडे दिवस उरलेले असताना. खालच्या कोर्टाने मुलांची बाजू ऐकून घेतली आणि नकार दिला. मॉटली त्याच दिवशी अटलांटाला न्यायाधीश एल्बर्ट टटल यांच्यापुढे गेल्या आणि संध्याकाळी आदेश घेऊन बाहेर आल्या. मुले वर्गात परतली. छायाचित्र कुत्र्यांचे निघाले, टटल यांच्या कचेरीतल्या त्या संध्याकाळचे निघाले नाही. त्याच बर्मिंगहॅममध्ये खटल्यांसाठी त्या ज्या आर्थर शोअर्स वकिलांच्या घरी उतरत, तिथे रात्री बंदूकधारी पहारा असे. १९६३ मध्ये त्या घरावर दोनदा बॉम्ब पडले.

आता विरोधक फक्त दक्षिणेत होते असे समजून सुटका करून घ्यायची नाही. १९६१ मध्ये मार्शल न्यायाधीश होऊन निघाले. फंडाचे प्रमुखपद रिकामे झाले. मॉटली तिथे सोळा वर्षे होत्या, रणांगणावरच्या सगळ्यात अनुभवी वकील. पद मिळाले जॅक ग्रीनबर्ग यांना, जे गोरे होते, पुरुष होते आणि त्यांच्यानंतर आले होते. ग्रीनबर्ग चांगले वकील होते, यात वाद नाही. पण समतेसाठी रोज कोर्टात भांडणाऱ्या संस्थेला आपल्याच कचेरीतली बाई खुर्चीवर बसलेली कल्पनेत आली नाही. मॉटलींना हे लागले आणि त्यांनी ते लपवले नाही. चळवळीतल्या संस्थांनी त्यांचा फोटो लावताना हे पान फाडू नये.

फेब्रुवारी १९६४ मध्ये पोटनिवडणूक जिंकून त्या न्यूयॉर्कच्या सिनेटमध्ये गेल्या. आमदारकी जेमतेम वर्षभराची. नोकऱ्या, शिक्षण, घरे यांतल्या भेदभावाविरुद्ध कायदे कडक करा, हा त्यांचा तिथला आग्रह होता. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्क कायदा झाला. ज्या गोष्टीसाठी त्या एकेका गावात एकेक दावा लावत होत्या, ती कायद्याच्या कलमात बसवणे किती वेगळे असते हे त्यांना सभागृहात बसून समजले असणार. १९६५ मध्ये त्या मॅनहॅटनच्या बरो प्रेसिडेंट झाल्या.

जानेवारी १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेडरल न्यायाधीशपदासाठी त्यांचे नाव सुचवले. इथे जेम्स ईस्टलँड येतात. मिसिसिपीचे सिनेटर, हजारो एकर कापसाच्या जमिनीचे मालक आणि न्यायाधीशांच्या नावांवर मोहोर उठवणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या समितीचे अध्यक्ष. मेरेडिथ प्रकरणात ज्यांच्या राज्याचे नाक कापले गेले, त्यांच्याच टेबलावर मॉटलींची फाईल गेली. ती सात महिने अडकली. कम्युनिस्ट असल्याचा आरोप झाला. ऑगस्टच्या शेवटी मंजुरी मिळाली.

आणि आता ज्यासाठी हा मजकूर लिहायला घेतला ती गोष्ट. जॅक्सनमधल्या ज्या फेडरल इमारतीत ते भित्तिचित्र होते, त्या इमारतीला नंतर नाव दिले गेले ते जेम्स ईस्टलँड यांचे. टपाल खात्याने तिकिटावर मॉटली छापल्या. सरकारने दरवाजावर ईस्टलँड कोरले. दोघांचाही सन्मान! हे शक्य होते ते प्रतिवादी गाळलेल्या श्रद्धांजल्यांमुळे. कुणी कुणाला अडवले हे सांगितलेच नाही, तर अडवणारा आणि पुढे गेलेली दोघेही ‘थोर’ या एकाच रांगेत बसतात आणि नव्या पिढीला वाटते, बरे लोक होते दोघे.

आपण यात मागे नाही. चवदार तळ्याला दर २० मार्चला गर्दी लोटते आणि लोटायलाच हवी. पण त्या पाण्यावरून १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांवर दिवाणी दावा लागला होता, तळे आमच्या खासगी मालकीचे आणि वहिवाट अनादी, असे वादींचे म्हणणे होते आणि तो दावा हायकोर्टात १९३७ च्या मार्चमध्ये निकाली निघाला, हे किती भाषणांत येते? ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे तारखा. वादींची नावे खटल्याच्या शीर्षकातच छापलेली आहेत. निकालपत्र कुणालाही वाचता येते. पण आपण म्हणतो, ‘समाजातील काही सनातनी प्रवृत्ती.’ प्रवृत्ती दावा दाखल करत नाहीत. माणसे करतात, वकील करतात, कोर्ट फी भरून करतात.

न्यायाधीश झाल्यावरही मॉटलींना प्रतिवादी भेटत राहिले, फक्त त्यांचे सूट भारी होते. १९७५ मध्ये सलिव्हन अँड क्रॉमवेल या वॉल स्ट्रीटवरच्या बड्या वकिली कंपनीवर स्त्रियांना नोकरीत डावलल्याचा खटला त्यांच्यापुढे आला. कंपनीने म्हटले, तुम्ही स्त्री आहात, कृष्णवर्णीय आहात, यात पक्षपात होईल, तुम्ही बाजूला व्हा. मॉटलींनी सरळ विचारले की लिंग आणि वर्ण हेच न्यायाधीश नाकारायचे कारण असेल, तर या कोर्टातला कोणता न्यायाधीश हा खटला चालवू शकेल? त्या बाजूला झाल्या नाहीत. गोऱ्या पुरुष न्यायाधीशाला ‘तुम्ही गोरे आहात, पुरुष आहात’ असे कुणी म्हटले नव्हते. तटस्थता म्हणजे कुणाचा चेहरा, हे त्या एका आदेशात उघडे पडले. १९७८ मध्ये त्यांनी यँकी स्टेडियममधल्या खेळाडूंच्या खोलीचे दार क्रीडा पत्रकार मेलिसा लडकी यांच्यासाठी उघडायला लावले. पुरुष पत्रकार आत जाऊन मुलाखती घेत आणि बाई बाहेर उभी राही, हे चालणार नाही, इतके साधे.

सुप्रीम कोर्टात मॉटलींनी दहा खटले लढवले आणि नऊ जिंकले. गौरवलेख इथे टाळ्या वाजवून थांबतात. मला दहाव्याबद्दल बोलायचे आहे.

१९६५. स्वेन विरुद्ध अलाबामा. टॅलाडेगा काउंटीतल्या रॉबर्ट स्वेन या कृष्णवर्णीय तरुणाला सगळ्या गोऱ्या ज्यूरीने फाशी सुनावली होती. त्या काउंटीत कित्येक वर्षांत एकही कृष्णवर्णीय माणूस खटल्याच्या ज्यूरीत बसलेला नव्हता. सरकारी वकिलाला ज्यूरीतली नावे कारण न देता वगळता येत असत आणि या खटल्यात त्याने कृष्णवर्णीयांची नावे वगळली होती. मॉटलींनी हे मांडले. कोर्टाने म्हटले, या एका खटल्यातून वर्णद्वेष सिद्ध होत नाही. सगळी व्यवस्था सिद्ध करून आणा. मॉटली हरल्या.

एकवीस वर्षांनी, १९८६ मध्ये, बॅटसन विरुद्ध केंटकी या निकालात सुप्रीम कोर्टाने स्वेनमधली ती अट मोडीत काढली. मॉटली तेव्हा हयात होत्या, न्यायाधीश होत्या. त्यांचे म्हणणे बरोबर होते, एवढे कबूल करायला देशाच्या सर्वोच्च कोर्टाला दोन दशके लागली. वर्णामुळे वगळल्याचा संशय आला तर कारण द्यावे लागेल, असा नियम आला की सरकारी वकिलांनी वगळण्याची कारणे द्यायला सुरुवात केली. ज्यूरीतल्या माणसाने नजरेला नजर दिली नाही. ओळखीचे कुणी तुरुंगात आहे. चांगली, छापील, वर्णाचा उल्लेख नसलेली कारणे. ती माजी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रे आठवतात ना, त्याच जातीची.

मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्स या माणसावर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालवला गेला. सहाही वेळा सरकारी वकील तोच. सहा खटल्यांत मिळून ज्या बेचाळीस कृष्णवर्णीय व्यक्तींना ज्यूरीतून वगळणे त्याच्या हातात होते, त्यांतल्या एकेचाळीस जणांना त्याने वगळले. हा आकडा सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या निकालपत्रात आहे. शिक्षा रद्द झाली, पुढच्या वर्षी आरोप मागे घेतले गेले. तोवर फ्लॉवर्स यांनी दोन दशकांहून जास्त काळ तुरुंगात काढला होता. मॉटलींना जाऊन चौदा वर्षे झाली होती आणि त्यांनी हरलेला खटला मेरेडिथच्याच मिसिसिपीत अजून चालू होता. त्या सरकारी वकिलाचे नाव डग इव्हान्स.